आर्वीजवळच्या गावी वाड्याच्या माळ्यावर जुनी मार्टिनी-हेन्री रायफल सापडली. परवाना लागेल का?

हो, लागेलच असं धरून चाला. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधली सूट पुरातन हत्यारांना आहे, पण दुरुस्ती करूनही जे चालूच शकत नाही अशांनाच. मार्टिनी-हेन्री १८७१ मध्ये ब्रिटिश फौजेत आली. ट्रिगरमागचा दांडा खाली ओढला की नळीमागचा ठोकळा उतरतो आणि काडतुसाची जागा उघडते. इतकी साधी रचना शंभर वर्षांनीही चालती निघू शकते. उजव्या बाजूला मुकुट, 'व्ही.आर.' (राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं) आणि साल दिसेल. पण पाकिस्तान-अफगाण सीमेवरच्या खैबर खिंडीकडे बनलेल्या नकलांवरही तसेच शिक्के असतात, म्हणून त्यावरून किंमत ठरवू नका. भरलेली समजून नळी माणसांपासून दूर ठेवा, विकायला काढू नका, आधी ठाण्यात लेखी कळवा.