राष्ट्रीय फुटबॉल संघाला प्रशिक्षक आपल्याच देशाचा हवा का?

प्रश्न : भारताकडून खेळायला भारताचा पासपोर्ट लागतो, मग संघाच्या मॅनेजरला का नाही? इतकी वर्षं परदेशी माणसं आणून आपल्याला मिळालं काय? – एक वाचक, कामठी

उत्तर : आधी शब्दाचं बघू. इंग्लंडमध्ये संघ निवडून खेळवणाऱ्याला मॅनेजर म्हणतात. आपल्याकडे मॅनेजर म्हणजे तिकिटं, हॉटेल, जर्सी आणि खेळाडूंची कागदपत्रं सांभाळणारा माणूस. तुम्हाला मुख्य प्रशिक्षक म्हणायचं आहे, असं धरतो.

फिफाची नागरिकत्वाची अट फक्त खेळाडूला आहे, प्रशिक्षकाला नाही. आमच्या मते ती नसावीच. पण परदेशी माणूस आणायचा तर त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं, हे आपण कधी नीट ठरवलं नाही, आणि दुखणं तिथेच आहे.

राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती संघ किती दिवस असतो ते बघा. क्लब खेळाडूंना सोडतात ते फिफाने आखून दिलेल्या तारखांना, बहुतेक वेळा नऊ-दहा दिवस. रविवारी लीगचा सामना खेळलेला मुलगा सोमवारी शिबिरात येतो. सोमवार-मंगळवार पाय मोकळे करण्यात जातात, बुधवारी एक पुरता सराव होतो आणि गुरुवारी सामना. एवढ्यात कॉर्नर, फ्री किक आणि बचावाची रांग बसवता येते, नवा खेळ शिकवता येत नाही. म्हणून या माणसाचं खरं काम निवडीचं. त्यासाठी वर्षभर देशात राहून सामने मैदानात बसून बघावे लागतात. मालिका संपली की मायदेशी जाणारा प्रशिक्षक व्हिडिओवरून संघ निवडतो, आणि व्हिडिओत कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. चेंडू डाव्या बाजूला असताना आपला उजवा बॅक कुठे उभा होता, हे त्यात दिसतच नाही. मग सामन्यात त्याच बाजूने गोल होतो.

दुसरी अडचण भाषेची. मध्यंतर 15 मिनिटांचं. आत येणं, पाणी, दुखापतींवर उपचार आणि परत बाहेर पडणं यात निम्मा वेळ जातो. बोलायला उरतात पाच-सहा मिनिटं, आणि दुभाषा मध्ये आला की त्याचीही अर्धी होतात. मात्र भारतीय असला म्हणजे भाषेचा प्रश्न सुटला, असंही नाही. आपल्या संघात मिझो, मणिपुरी, मल्याळी, बंगाली, पंजाबी, गोव्याची मुलं एकत्र असतात. हिंदी आणि सोपं इंग्रजी दोन्ही ज्याला येतं, त्याचं काम भागतं.

आता आपला हिशेब. भारताचा सर्वांत मोठा काळ हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांचा : 1951 आणि 1962 ला आशियाई खेळांत सुवर्ण, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. 1962 च्या जकार्ता स्पर्धेत जर्नैल सिंग या बचावपटूच्या डोक्याला टाके पडले होते. रहीम साहेबांनी त्यालाच आघाडीला खेळवलं, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला. आपण तो सामना 2-1 ने जिंकलो. असा निर्णय खेळाडूला आतून-बाहेरून ओळखणाराच घेऊ शकतो.

पण परदेशी लोकांनी काहीच दिलं नाही, हे म्हणणं खरं नाही. 1964 च्या आशिया चषकात हॅरी राइट या इंग्रज प्रशिक्षकाबरोबर आपण उपविजेते होतो. बॉब हॉटन यांच्या काळात 2008 चा एएफसी चॅलेंज कप जिंकला आणि त्या जोरावर 27 वर्षांनी, 2011 ला, आशिया चषक गाठला. स्टीफन कॉन्स्टन्टाइन यांच्या संघाने 2019 ला थायलंडला 4-1 ने हरवलं. फक्त यांच्यापैकी कोणाच्याही शेजारी पुढची जबाबदारी घेणारा भारतीय माणूस ठरवून घडवला गेला नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील आले, तेव्हा बऱ्याच वर्षांनी भारतीयाला पूर्णवेळ खुर्ची मिळाली. त्यांनी काफा नेशन्स कपमध्ये (मध्य आशियाई संघटनेच्या स्पर्धेत) तिसरा क्रमांक मिळवला, आणि मग 2027 च्या आशिया चषकाची पात्रता हुकली. त्याचा दोष एकट्या त्यांच्या माथी मारणं आम्हाला पटत नाही; पात्रता फेरी आधीच अर्धी बिघडलेली होती.

आइसलँडने हेच नीट केलं. 2011 ला स्वीडनचे लार्स लागरबॅक आणले आणि त्यांच्या हाताखाली हेमीर हॅल्ग्रिम्सन हा स्थानिक माणूस, जो पेशाने दातांचा डॉक्टर आहे. दोन वर्षांनी दोघे बरोबरीचे प्रशिक्षक झाले. 2016 च्या युरो चषकात त्यांनी इंग्लंडला 2-1 ने हरवलं. लागरबॅक गेले, आणि हॅल्ग्रिम्सन यांनी 2018 ला देशाला विश्वचषकात नेलं. भारतानेही करारात हेच घालावं : वर्षातले किमान दहा महिने देशात मुक्काम, सामने मैदानात बघण्याची अट आणि पहिल्या दिवसापासून भारतीय सहायक. ही तीन कलमं मान्य नसतील, तर नाव कितीही मोठं असो, आणू नये.

प्रश्न : परदेशी प्रशिक्षकाने विश्वचषक कधीच जिंकलेला नाही, हे खरं का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : खरं आहे. 1930 ते 2022 च्या 22 विश्वचषकांत एकदाही नाही. जवळ दोघे गेले : 1958 ला स्वीडनचे इंग्रज प्रशिक्षक जॉर्ज रेनर आणि 1978 ला नेदरलँड्सचे ऑस्ट्रियन अर्न्स्ट हॅपेल. दोघेही अंतिम सामन्यात हरले. पण यावरून निष्कर्ष काढताना सांभाळा. विश्वचषक आजवर फक्त आठ देशांनी जिंकलाय, आणि हे देश स्वतःच इतके प्रशिक्षक घडवतात की त्यांना बाहेर बघायची गरज क्वचित पडते. जिथे घरची फळी तितकी भक्कम नव्हती, तिथे बाहेरच्यांनी चषक दिलेत : 2004 चा युरो ग्रीसला जर्मनीच्या ओटो रेहागेल यांनी, 2012 चा आफ्रिका चषक झांबियाला फ्रान्सच्या एर्व्हे रेनार यांनी.

प्रश्न : मी नागपुरात शाळेच्या संघाला शिकवतो. वरच्या पातळीवर जायचं तर काय करावं? – एक शिक्षक, नागपूर

उत्तर : प्रशिक्षकाच्या लायसन्सची शिडी अशी : डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) मुख्य प्रशिक्षक व्हायला प्रो लागतं. महाराष्ट्रातले कोर्स ‘विफा’ (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) या राज्य संघटनेमार्फत होतात, त्यामुळे जिल्हा संघटनेच्या सूचनांवर लक्ष ठेवा. पायऱ्यांच्या मधल्या काळात संघ हातात असू द्या. नुसती प्रमाणपत्रं गोळा करणारे प्रात्यक्षिकात अडकतात.

तिथे नेहमी होणारी चूक म्हणजे मुलांना रांगेत उभं करणं. 12 मुलं, एक चेंडू आणि प्रत्येकाला दहा सेकंद, म्हणजे एका मुलाची पाळी दोन मिनिटांनी येते आणि 20 मिनिटांत त्याला जेमतेम दहा संधी मिळतात. त्यापेक्षा 30 बाय 20 मीटरची चौकट आखा, आत चार विरुद्ध चार खेळवा, उरलेल्या चौघांना बाजूला दोन चेंडूंवर पासिंग द्या आणि दर चार मिनिटांनी बदला. खेळ थांबवायचा तो एकाच चुकीसाठी, 20 सेकंदांहून जास्त नाही. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी साडेसहाच्या आत सुरू करा आणि आठला मैदान सोडा.