प्लॉट बघायला एकदा जुलैत जा

पूर्वाभिमुख, रुंद रस्त्याला लागून, एनए (म्हणजे बिगरशेती) आणि वर स्वस्त, असा प्लॉट कुणालाच मिळत नाही. काहीतरी सोडावंच लागतं.

मी तर म्हणेन दिशा सोडा. पश्चिमेचं ऊन पडवीने, एखाद्या कडुलिंबाने अडवता येतं. गावापासून तीन-चार किलोमीटर लांब असलं तरी चालेल. कागद आणि पाणी यांत मात्र तडजोड नको. सातबाऱ्यावरचे 'इतर हक्क', म्हणजे जमिनीवर दुसऱ्या कुणाचा बोजा किंवा हक्क आहे का, ते नीट वाचा, जुने फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, काढा. 'एनए काय, होऊन जाईल' म्हणणाऱ्याचा चहा घ्या आणि घरी या.

मी फसलो ते मातीत. मे महिन्यात प्लॉट बघितला तेव्हा भेगांत कोपरापर्यंत हात जात होता. तरी शेजारच्यापेक्षा स्वस्त म्हणून दोन गुंठे, म्हणजे 2178 चौरस फूट, घेऊन टाकले. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर साधा पाया ठेवला तर भिंती तडकतात. मुरूम लागेपर्यंत नऊ फूट खोदलं. वाचवलेले पैसे खड्ड्यातच गेले, अक्षरशः!

म्हणून बयाणा देण्याआधी एकदा भर पावसात, जुलैत, जाऊन माती बघा आणि मालकाला विचारून एक खड्डा घेऊन बघा. रस्ता नकाशात 9 मीटर असला तरी जागेवर टेप लावा. आणि बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, मे महिन्यात टँकर येतो का, हे एजंटला नको, शेजारच्या काकूंना विचारा.