इंटर्नशिपचं विचारलंस म्हणून

तू ऐरोलीचा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. चाळीसेक मेल टाकलेस, उत्तरं दोनच आली, त्यातलं एक पैसे भरून सर्टिफिकेट न्या म्हणणारं. म्हणून विचारतोयस, की मास्टर्सला जर्मनीला गेलो तर तिथे तरी इंटर्नशिप मिळेल ना?

मिळते. ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), व्हिसा, वर्षाला 140 दिवस काम करायची मुभा, हे सगळं सरकारी साइटवर आहे. ते पुन्हा लिहीत बसत नाही.

विद्यापीठ निवडताना रँकिंग नंतर बघ. आधी अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची आहे का ते बघ. मोडुलहांडबुख (Modulhandbuch) नावाची अभ्यासक्रमाच्या विषयांची एक कंटाळवाणी पीडीएफ असते, तीत ‘फ्लिश्टप्राक्टिकुम’ (Pflichtpraktikum), म्हणजे सक्तीची इंटर्नशिप, हा शब्द शोध. स्वेच्छेने केलेली इंटर्नशिप तीन महिन्यांच्या वर गेली की कंपनीला किमान वेतन द्यावं लागतं, सक्तीची असेल तर नाही. त्यामुळे पाच-सहा महिन्यांसाठी बऱ्याच कंपन्यांना सक्तीवालेच हवे असतात. मी 2017 मध्ये केमनिट्झला गेलो तेव्हा माझ्या कोर्सला सक्ती नव्हती. मला वाटलं, बरंच झालं, एक कटकट कमी! मग दीड वर्ष तेच. फोनवर मुलाखत छान व्हायची, शेवटी समोरची बाई विचारायची, सक्तीची की स्वेच्छेची? आणि मग ‘कळवतो’.

एकदा मिळाली होती. नेमकं तेव्हाच माझं रेसिडेन्स परमिट संपत होतं आणि परदेशी नागरिकांच्या कचेरीने तारीख दिली सात आठवड्यांनंतरची. मधल्या काळासाठी एक घडीचा कागद देतात, फिक्शन्सबेशायनिगुंग. नावातच फिक्शन! कायद्याने तो पुरेसा होता, पण एचआरवाल्याला पटेना. मी कलमाचा नंबर पाठवला, जर्मन मित्राकडून पत्र लिहून घेतलं. उत्तरच आलं नाही, जागा गेली. त्या कंपनीची व्हॅन अजूनही हायवेवर दिसली की माझ्या तोंडून शिवी जाते, शेजारी बायको बसलेली असली तरी. तू परमिट संपायच्या तीन महिने आधीच अर्ज टाक.

एकटेपणाचंही विचारलंयस. असतो. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो. कुकर घेऊन जा.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. बी.ई.ला माझी इंटर्नशिप वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये झाली. बाबांनी ओळखीत शब्द टाकला होता. मालक म्हणाले, ‘बस रे इथे.’ पंधरा दिवस मी चहा प्यायलो, मोबाइल बघितला, आणि सर्टिफिकेट मिळालं सहा आठवड्यांचं. वशिल्याने मिळालं म्हणून बाबांचीच लाज वाटली तेव्हा. पुढे केमनिट्झच्या पहिल्याच मुलाखतीत समोरच्याने सीव्हीतली तीच ओळ पकडली. कुठल्या मशिनवर होतास? टॉलरन्स किती धरायचात? मी थाप मारली. ती त्याला कळली आणि कळल्याचं मला दिसलं.

शेवटी मिळाली ती अशी. मी रात्रपाळीला पार्सलच्या गोदामात होतो. घरी सांगितलं होतं, प्रोफेसरकडे रिसर्च असिस्टंट आहे. तिथल्या शिफ्ट-प्रमुखाचा मेहुणा एका टूलरूममध्ये होता, त्याच्याकडे त्याने माझ्यासाठी शब्द टाकला. जर्मन लोक याला ‘व्हिटामिन बी’ म्हणतात. बी म्हणजे बेत्सीहुंगेन, ओळखीपाळखी. म्हणजे वशिलाच की! पण लाज मला फक्त बाबांची वाटली होती. बाबा आजही तलावपाळीला फिरताना लोकांना सांगतात, पोराने सगळं स्वतःच्या जोरावर केलं. मी दुरुस्त केलेलं नाही.

त्या तीन महिन्यांचं प्रशस्तिपत्र मिळालं त्यात लिहिलं होतं, ‘कायम प्रयत्नशील होता.’ आपल्या प्रगतिपुस्तकात ही शाबासकी. तिथल्या प्रशस्तिपत्रांच्या भाषेत त्याचा अर्थ, याला काही जमलं नाही. मी ओळ भाषांतर करून आईला पाठवली, ती खूश झाली. तुझं मिळेल तेव्हा सही व्हायच्या आधी कुणा जर्मन माणसाकडून वाचून घे, बदलून मागता येतं.

जर्मन भाषा इथूनच बी-1 पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, करून जा. मी ती गोदामात शिकलो, त्यामुळे शिव्या आधी आल्या आणि लेथला काय म्हणतात ते वर्षभराने.

आणि मेल पाठवणं बंद कर. रबाळेला उतर, एमआयडीसीत दुपारच्या जेवणानंतर एकेका वर्कशॉपमध्ये सीव्ही घेऊन शिर. सर्टिफिकेट नको, मशिनवर उभं राहू द्या म्हण. घरात कुणाची ओळख असेल तर शब्द टाकायला सांग, लाजू नकोस. फक्त ‘बस रे इथे’ म्हणाले तर बसू नकोस.