जीवनशक्ती म्हणजे वीजच असेल, तर मेलेल्या माणसाला वीज देऊन उठवता का येत नाही?

गेली २२ वर्षं मी ईसीजी काढतो. मनगटांना, घोट्यांना चिमटे आणि छातीवर रबरी फुगे लावले की एखादी आजी हमखास विचारते, "बाळा, करंट नाही ना लागणार?" मी म्हणतो, "आजी, करंट तुमचाच आहे, मशीन नुसतं बघतंय." त्यांना वाटतं मी थट्टा करतोय. पण खरंच, कागदावर उमटतं ते त्यांच्या हृदयाचं असतं. साधारण १ मिलिव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातला सेल याच्या दीड हजार पट.

तेव्हा शरीरात वीज आहे, एवढं तुमच्या प्रश्नातलं बरोबर आहे, गोची तिलाच जीवनशक्ती म्हणण्यात आहे.

घरातल्या तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात. शरीरात सरकतात ते सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे आयन (विद्युतभार असलेले कण), म्हणजे मिठाच्या पाण्यातला कारभार. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. पेशीच्या पडद्यातले पंप एका खेपेला ३ सोडियम बाहेर टाकतात, २ पोटॅशियम आत घेतात, आणि हे रात्रंदिवस चालतं. त्यातूनच चेतापेशीच्या आत-बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक टिकतो. आकडा किरकोळ वाटेल, पण तो पडदा मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असतो. त्या जाडीचा हिशेब केला तर मीटरला कोटीच्या घरात व्होल्ट पडतात! आपण जेवतो त्यातला बराचसा भाग या पंपांच्या बिलातच जातो.

वीज म्हणजे नळ उघडल्यावर येणारी धार. जिवंत असणं म्हणजे टाकी भरत राहणं. प्राणवायू तुटला की पंप थांबतात, आत-बाहेरचा फरक हळूहळू मिटतो.

हा प्रयोग माणसाने करूनही पाहिलाय. इटलीतल्या बोलोन्याच्या गॅल्व्हानी या शास्त्रज्ञाने बेडकाचे पाय विजेने उडतात हे १७९१ मध्ये छापलं. १८०३ च्या जानेवारीत त्याचा भाचा आल्दिनी याने लंडनला, नुकत्याच फाशी दिलेल्या फॉर्स्टर नावाच्या माणसाच्या प्रेताला बॅटरीच्या तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, मूठ वळली. बघणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल! पण स्नायूंच्या टाकीत उरलेलं पाणी तेवढं वाहिलं. बॅटरीने नळ उघडला, टाकी भरली नाही.

"मग आयसीयूत शॉक देतात तो?" हे मला नातेवाईकही विचारतात. सिनेमात सपाट रेघ आली की डॉक्टर शॉक देतो आणि हिरो उठून बसतो. प्रत्यक्षात सपाट रेघेला शॉक देत नाहीत. तिथे छाती दाबत राहतात, ॲड्रेनलिन देतात. शॉक असतो तो हृदयाचे कप्पे नुसतेच फडफडत असतील तेव्हा. त्या वेळी तिथे वीज असते, पण जो तो आपापल्या तालावर. शॉकने सगळ्यांना क्षणभर गप्प करायचं, म्हणजे उजव्या वरच्या कप्प्यातली सायनस गाठ (हृदयाला ठेका देणाऱ्या पेशींचा पुंजका) पुन्हा ठेका धरेल, अशी आशा. तो शॉक हृदय सुरू करायला नसतोच, ते थांबवायला असतो. ही गोष्ट मलाही नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळली.

आणि ते "शरीरातली ऊर्जा वाढवणारं" चुंबकी कडं विकत घेत असाल, तर नका घेऊ. त्या पैशांचं पोटभर जेवा, पंपांना तेच लागतं.

परवा एका आजोबांच्या ईसीजीच्या पट्टीवर सगळी दातेरी रेघ आली. आधी वाटलं वायरिंगचा त्रास, म्हणून त्यांचा पलंग भिंतीपासून ओढला. तरी तेच. मग लक्षात आलं, एसीमुळे आजोबा कुडकुडताहेत आणि त्यांच्या दंडाच्या स्नायूंची वीज हृदयाच्या विजेवर चढतेय. ब्लँकेट घातलं, पाच मिनिटं थांबलो. पट्टी स्वच्छ आली.