अमेरिकेत ऑर्थोपेडिक ट्रॉमा सर्जनांची वेगळी संघटना का निघाली आणि ती वाढली कशी?

अमेरिकेत ऑर्थोपेडिक सर्जनांची अकादमी १९३३ पासून आहे. मग ट्रॉमावाल्यांना, म्हणजे अपघातातल्या इजांवर उपचार करणाऱ्यांना, वेगळी संघटना कशाला लागली, आणि ती एवढी वाढली कशाने, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगतो: वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या सर्जनांनी फ्रॅक्चर एकाच पद्धतीने नोंदवायला सुरुवात केली, म्हणून ती वाढली. परिषदा, फेलोशिप, सभासदसंख्या हे सगळं त्याला धरून आलं.

ट्रॉमाची मूळ अडचण अशी की पेशंट तारीख घेऊन येत नाही आणि दोन पेशंट सारखे नसतात. गुडघा बदलणारा सर्जन वर्षभरात एकाच प्रकारच्या शस्त्रक्रियांची मोठी मालिका करतो. पण नडगीचं हाड उघडं पडलंय आणि धमनीही तुटली आहे, अशा केसेस एका रुग्णालयात इतक्या कमी येतात की त्यांवरून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. आकडे एकत्र केल्याशिवाय इथे काही कळत नाही.

त्यात उपचारही बदलत होते. मांडीचं हाड मोडलं की कित्येक आठवडे ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून पाय ताणून ठेवणं, ही जुनी रीत. अनेक ठिकाणी मार लागलेल्या पेशंटला ऑपरेशन झेपणार नाही, अशी समजूत होती. पण उताणं पडून राहिल्याने फुप्फुसं बिघडत आणि पेशंट त्यातच खचत. १९८९ मध्ये अमेरिकन सर्जन लॉरेन्स बोन आणि सहकाऱ्यांनी मांडीचं हाड मोडलेल्या १७८ पेशंटची तुलना छापली. २४ तासांच्या आत हाड स्थिर केलेले एकीकडे, ४८ तासांनंतर केलेले दुसरीकडे. अनेक जखमा असलेल्यांमध्ये उशिराच्या गटाला फुप्फुसांचा त्रास जास्त झाला आणि आयसीयूतले दिवसही वाढले. याचा अर्थ रात्री दोन वाजतासुद्धा सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र), नेलचा, म्हणजे हाडाच्या पोकळीत घालायच्या सळयांचा, पूर्ण सेट आणि नेल घालणारा सरावलेला हात हजर हवा. हे काम जमेल त्याने जमेल तेव्हा करायचं राहिलं नाही. (पुढे यालाही मर्यादा घातली गेली. सध्याचा एक प्रचलित निकष असा: पेशंट शॉकमधून सावरला की नाही हे रक्ताच्या तपासणीत बघायचं, लॅक्टेट ४ च्या खाली, पीएच किमान ७.२५. तोवर बाहेरून फिक्सेटर, म्हणजे हाड धरून ठेवणारी चौकट, लावून थांबायचं. शॉकमधल्या पेशंटला घाईने नेल घातला तर फुप्फुसांवर आणखी भार येतो.)

मोठ्या ट्रॉमा रुग्णालयांचे सर्जन १९७० च्या दशकातच एकत्र येऊ लागले होते. १९८५ मध्ये त्यातून ऑर्थोपेडिक ट्रॉमा असोसिएशन, म्हणजे ओटीए, उभी राहिली आणि १९८७ मध्ये ट्रॉमाचं स्वतंत्र जर्नल सुरू झालं.

खरी मेहनत मात्र वर्गीकरणात आहे. स्वित्झर्लंडच्या एओ या फ्रॅक्चरवर काम करणाऱ्या सर्जनांच्या गटाने हाडांना आकडे दिले होते: दंड १, अग्रबाहू २, मांडी ३, नडगी ४. दुसरा आकडा हाडाच्या भागाचा: वरचं टोक १, मधला दांडा २, खालचं टोक ३. पुढे ए, बी, सी हे फ्रॅक्चरचे प्रकार: दांड्यात ए साधं, सी सगळ्यात गुंतागुंतीचं; सांध्याजवळ बी म्हणजे सांध्याचा काही भाग मोडलेला, सी म्हणजे पूर्ण सांधा. ३२ए३ म्हटलं की मांडीच्या हाडाच्या दांड्याचं साधं, आडवं फ्रॅक्चर, मग पेशंट सिएटलचा असो की बाल्टिमोरचा. ओटीएने १९९६ च्या आपल्या संकलनात उरलेल्या हाडांसाठीही अशी सोय केली, २००७ मध्ये दोन्ही पद्धती एक झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा सुधारल्या.

उघड्या फ्रॅक्चरचं, म्हणजे हाड मोडून त्यावर जखमही झालेल्या फ्रॅक्चरचं, उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ओटीएच्या संस्थापकांपैकी रॅमोन गस्टिलो यांची अशी फ्रॅक्चर किती गंभीर हे ठरवणारी १९७६ ची श्रेणी जगभर वापरली जाते. पण १९९४ मध्ये २४५ सर्जनांना त्याच केसेस दाखवल्या, तेव्हा श्रेणीबद्दल सरासरी एकमत साधारण ६० टक्केच भरलं. म्हणून २०१० मध्ये ओटीएने नवी पद्धत आणली: त्वचा, स्नायू, धमनी, घाण आणि हाडाची हानी, पाचही गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या, प्रत्येकीला तीन पायऱ्या. ही नोंद ऑपरेशन थिएटरमध्ये, जखम साफ करताना करायची. कॅज्युअल्टीत नाही, कारण वरचं भोक बोटाएवढं असलं तरी आतला स्नायू मेलेला असू शकतो. आपल्याच संस्थापकाची मोजपट्टी अपुरी ठरली हे मान्य करून संघटना पुढे गेली, याचा मला मनापासून आदर वाटतो.

भाषा एक झाल्यावर मोठे अभ्यास शक्य झाले. उघडी फ्रॅक्चर कशाने धुवावीत हे पाहणाऱ्या २०१५ च्या ‘फ्लो’ नावाच्या अभ्यासात २,४४७ पेशंट होते. धुण्याच्या पाण्याचा दाब कमी-जास्त केल्याने फरक पडला नाही. साबणाच्या द्रावणाने मात्र पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण वाढलं: १४.८ टक्के, नुसत्या सलाईनने ११.६. २०२३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या २१ ट्रॉमा सेंटरांनी १२,२११ पेशंटवर पाहिलं की दिवसातून दोनदा ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन हे ९० दिवसांतले मृत्यू टाळण्यात हेपॅरिनच्या, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनांपेक्षा कमी पडत नाही. पेशंटला पोटात सुया टोचून घ्यायच्या की गोळी घ्यायची, एवढा रोजचा फरक आहे हा.

अशी संघटना तुम्हालाच उभारायची असेल, तर कुठे बिघडतं ते सांगतो. पहिलं म्हणजे फ्रॅक्चरचा कोड (वरच्या ३२ए३ सारखा) डिस्चार्जनंतर कनिष्ठ डॉक्टर आठवून भरतो. सांध्यातल्या फ्रॅक्चरचा नुसता एक्स-रे पाहिला तर बी आणि सी यांत गल्लत होते, तिथे सीटी बघूनच कोड द्या. दुसरं, फॉलो-अप तुटतो. ट्रॉमाचे पेशंट बरेचदा तरुण, कामासाठी फिरणारे, नंबर बदलणारे. भरतीच्या दिवशीच वेगळ्या घरात राहणाऱ्या दोन नातेवाइकांचे नंबर लिहून घ्या. तिसरं, इम्प्लांट कंपन्यांचा पैसा. कोर्सला तो लागतोच, पण विषय आणि वक्ते ठरवणाऱ्या समितीत कंपनीचं माणूस नको आणि प्रत्येक वक्त्याने आपले आर्थिक संबंध पहिल्या स्लाइडवर जाहीर करावेत.

सुरुवात चार-पाच रुग्णालयं, एकच फ्रॅक्चर आणि एका पानाचा फॉर्म एवढ्यावर करा. घटना, बोधचिन्ह, वार्षिक अधिवेशन नंतर बघता येईल. पहिल्या वर्षी फॉर्मचे किती रकाने रिकामे राहिले ते मोजा आणि जे कोणीच भरत नाही ते काढून टाका.