मच्छीमार बोटीवर कमी खर्चात टीव्हीची छत्री बसवता येते का?

तुम्ही लिहिलंय की बोट भाऊच्या धक्क्याला लागते, दोन फेऱ्यांच्या मधे खलाशी बोटीवरच राहतात, त्यांच्यासाठी टीव्ही लावायचा आहे आणि दुकानात घुमटवाल्या अँटेनाचा भाव लाखाच्या पुढे सांगितला. तो अँटेना घेऊ नका. आमची बोट वर्सोव्याच्या खाडीत असते. तिच्यावर मी साधी घरगुती छत्री लावली आहे आणि टीव्ही सोडून सगळं साडेतीन हजारांत झालं.

घुमटाच्या आत मोटरी असतात. बोट डोलली की त्या अँटेना उलट्या बाजूला वळवतात. पैसे त्या वळण्याचे आहेत. बोट चालू असताना टीव्ही बघायचा असेल तरच ते लागतं, आणि जाळं ओढताना टीव्ही बघायला वेळ कोणाला असतो?

डीडी फ्री डिश घ्या. २००४ पासून दूरदर्शनची ही सेवा आहे, महिन्याचं भाडं नाही. सह्याद्री वाहिनी येते, हिंदी वाहिन्या भरपूर येतात. आमचे निम्मे खलाशी उत्तर प्रदेशचे, त्यांना त्याच हव्या असतात. तिचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. मुंबईतून तो आग्नेयेला दिसतो : होकायंत्रावर साधारण १३१ अंश, क्षितिजापासून ५७ अंश वर. मुंबईत होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच आहे, त्यामुळे आकडा तसाच धरा. फक्त मोबाइलचं होकायंत्र इंजिनाजवळ, लोखंडाजवळ बघू नका, हमखास चुकतं.

५७ अंश म्हणजे चांगलंच उंच. धक्क्याला बोटीला बोट लागलेली असते, शेजारच्याची केबिन आड येईल अशी भीती वाटते. पण छत्रीपेक्षा तीन मीटर उंच केबिन असली तरी ती दोन मीटर लांब असेल तर आड येत नाही.

आता खरी अडचण. भरतीला बोट चार मीटर वर गेली तर काहीही बिघडत नाही. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर आहे, त्याला चार मीटरचं काय! बिघडतं ते बोट फिरली किंवा कलली की. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंशांची, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड अंशाची सूट. आमच्या खाडीत ओहोटीला बोट चिखलात बसते, एका कुशीवर कलते आणि चित्र जातं. तुमच्याकडे पाणी असतं, तेव्हा पुढून-मागून दोन्हीकडे दोर घट्ट असले की पुष्कळ काम झालं. मोठी छत्री जास्त चांगली, असं कोणी सांगेल. घरावर ते खरं आहे. बोटीवर उलट : ९० सेंटिमीटरची घेतली तर नजर दोन अंशांवर येते आणि चित्र आणखी लवकर जातं. मोठ्या छत्रीचा फायदा जोराच्या पावसात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बोट ताडपत्रीखाली असते.

छत्री केबिनच्या छतावर बोल्टने ठोकून टाकू नका. मी आधी तीच चूक केली होती. दोन इंची लोखंडी पाइप छताला उभा वेल्ड करून घ्या, त्यात दीड इंची पाइप सैल बसवा आणि छत्री त्या आतल्या पाइपवर. बाजूला एक पेचाचा बोल्ट, आवळायला. उंचीचा कोन एकदाच लावायचा. बोटीचं तोंड बदललं की बोल्ट सैल करायचा, पाइप फिरवायचा, परत आवळायचा. आमचा सर्वांत लहान खलाशी हे दोन मिनिटांत करतो. पाइप मात्र ओळंब्यात हवा, नाहीतर फिरवताना उंचीही बदलते.

एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर दांडीवर बसणारा सिग्नल पकडायचा डबा, मुंबईत सरळ बसत नाही, बराच तिरका बसतो. पुष्कळ जण इथेच अडकतात. सेटटॉप बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंग्थ नाही, क्वालिटी बघा. आधी छत्रीने सिग्नल पकडा, मग एलएनबी हळूहळू फिरवत क्वालिटी वाढवा.

१२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा सेटटॉप बॉक्स आणि तसाच एलईडी टीव्ही घेतलात तर इन्व्हर्टर लागत नाही. बोटीची लाइन २४ व्होल्टची असेल तर मधे कन्व्हर्टर हवाच. स्वतंत्र फ्यूज टाका. रात्रभर टीव्ही चालू ठेवून सकाळी इंजिन सुरू न होण्याची वेळ आणू नका. दोन बॅटऱ्या असतील तर स्टार्टरच्या बॅटरीला हात लावायचा नाही.

खारी हवा सगळ्यात आधी केबलच्या टोकाचा पितळी कनेक्टर खाते. त्यावर ग्रीस, वर रबराची चिकटपट्टी ताणून, आणि केबल खाली वळवून पुन्हा वर न्या, म्हणजे पाणी वळणावरून गळून जाईल. दर हंगामाला कनेक्टर बदला, वीस-तीस रुपयांचं काम आहे.

बाहेर निघताना छत्री पाइपसकट उपसून आत ठेवा; वारा आणि जाळ्याचे दोर दोन्ही तिला धरतात. समुद्रावर नांगर टाकून राहिलात तरी डोलण्यामुळे चित्र टिकणार नाही. तेव्हा पेन ड्राइव्हवर सिनेमे भरून न्या, पुष्कळ बॉक्सना ती सोय असते.

शेवटचं, आणि हे कराच. स्वस्त कन्व्हर्टरमुळे बोटीच्या व्हीएचएफ वायरलेसवर खरखर येऊ शकते. सगळं जोडून झालं की टीव्ही चालू ठेवून, १६ नंबरचा संकटकाळचा चॅनल सोडून दुसऱ्या चॅनलवर, शेजारच्या बोटीशी बोलून बघा. आवाज फाटला तर कन्व्हर्टर बदला. बदलेपर्यंत टीव्ही बंद.