पाचोळ्यातला रंगीत पक्षी: नवरंग की खंड्या?

प्रश्न : जूनच्या पहिल्या आठवड्यात फणसाड अभयारण्यात पायवाटेलगत पाचोळ्यात एक रंगीत पक्षी दिसला. पाठ हिरवी, शेपटीखाली लाल. लगेच झुडपात शिरला, फोटो हलला. सोबतचे म्हणाले तिबोटी खंड्या. मला नवरंग वाटतो. कसं ठरवायचं?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : नवरंगच. हिरवी पाठ, शेपटीखाली लाल आणि वावर पाचोळ्यात, या वर्णनात बसणारा दुसरा पक्षी आपल्याकडे नाही. तिबोटी खंड्या पाचोळा उलथत नाही. ओढ्याकाठच्या खालच्या फांदीवरून भक्ष्यावर झेपावतो. तो जेमतेम १३ सेंमी, चोच लांब नि लालभडक.

खरी गल्लत होते ती नारिंगी डोक्याच्या कस्तुराशी. तोही सावलीत पाचोळा उलथून किडे, गांडुळं खातो. पण सह्याद्रीतल्या कस्तुराच्या पांढऱ्या गालावर दोन गडद पट्टे उभे असतात आणि शेपूट चांगली लांब. नवरंगाचा काळा पट्टा डोळ्यावरून आडवा जातो. त्यावर पांढरी भुवई, माथ्याच्या मधोमध काळी रेघ. शेपूट तर छाटल्यासारखी आखूड.

रंग शेवटी बघा. दाट सावलीत हिरवी पाठ काळपट दिसते, खांद्यावरची चमकदार निळाई हरवते आणि पक्षी समोरून उभा असला तर नुसती बदामी छाती दिसते. आधी चाल (टुणटुण उड्या, थांबून शेपूट खालीवर), मग शेपटीची लांबी, मग डोकं. उडालाच, तर काळ्या पंखातला पांढरा डाग टिपा. नर-मादी सारखेच दिसतात, तेव्हा त्यात वेळ घालवू नका.

दक्षिण भारत-श्रीलंकेत हिवाळा काढून हे पक्षी पावसाच्या तोंडावर विणीला येतात. तेव्हा पहाटे आणि सांजेला दोन सुरांची खणखणीत शीळ ऐकू येते. बरेच जण ती ऐकून जमीन धुंडाळतात. पण शीळ घालणारा नवरंग पुष्कळदा फांदीवर, मान मागे टाकून बसलेला असतो. तिथंच १५-२० मिनिटं न हलता बसा. मोबाइलवर त्याची शीळ मात्र अजिबात वाजवू नका. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो घरट्याचं काम टाकून धावून येतो. घरटं म्हणजे पानं-काटक्यांचा मोठा गोळा, कधी थेट जमिनीवर. म्हणून पायवाट सोडून झुडपात शिरणंही टाळा.

हललेला फोटो पुसू नका. डोक्याचा भाग मोठा करून बघा, आडवा काळा पट्टा धूसर फोटोतही कळतो.